टाळीची जागा

"सर, तुमचा सिनेमा इतका बोअर काऊन होता?"

वर्गातल्या मयुरीनं पैज लावली, म्हणून दिव्यानीनं हा प्रश्न विचारला होता. ब्रह्मपुरीजवळच्या त्यांच्या शाळेत आलेल्या दिग्दर्शकांनी नुकताच आपला सिनेमा दाखवला होता. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

दिग्दर्शक शांतपणे पाणी प्यायले. "पैसा भरपूर होता. आणि मला 'नाही' म्हणणारं कोणी नव्हतं."

मग त्यांनी मुलांनाच काम दिलं. तीन मिनिटांचा सिनेमा, एक मोबाईल आणि 'नाही' म्हणायला एक माणूस. सोमवारी सगळ्या शाळेसमोर दाखवायचा.

"माहा बोअर होणारच नाई," दिव्यानीनं जाहीर केलं. यासाठी कोणी पैज लावली नव्हती.

गोष्ट सोपी होती. मोहफुलं वेचायला जंगलात गेलेली बायको परतत नाही. नवरा बांधावर वाट पाहतो. नवरा झाले दिव्यानीचे बाबा, देवाजी. ते दर हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचे. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय. मोबाईल हातभर अंतरावर होता.

"अरे वाघा! कुठी हाय माही लक्ष्मी?" देवाजी गरजले. बांधावरचे बगळे उडाले. मग ते गप्पच झाले.

"बाबा, थांबले काऊन?"

"इथी टाळी येते ना."

"कोण वाजवन? म्हशी?"

"सवय हाय, बाई."

ते प्रत्येक वाक्यानंतर थांबले. तीन मिनिटांचा सिनेमा अर्ध्या तासाचा झाला.

संध्याकाळी आई भाकरी थापता थापता मोबाईलमध्ये शूटिंग पाहत होती. 'नाही' म्हणायला दिव्यानीनं तिलाच नेमलं होतं.

"नाई," आई म्हणाली. पुढच्या वाक्याला पुन्हा, "नाई."

"अवो, हा त माहा सगळ्यात भारी डायलॉग!" देवाजी कळवळले.

"म्हणूनच नाई." मग तिचा हात थांबला. "हे राहू दे."

मोबाईलमध्ये देवाजी नुसते उभे होते. नजर समोरच्या झाडांवर. टाळी येत नव्हती, आणि ते वाट पाहत होते.

"मी खरंच परत नाई आली त हे असेच उभे राहतीन," आई म्हणाली.

दिव्यानीनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. भाकरी करपल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "माहं ठरलं. डायलॉग सगळे कट, नुसतं थांबणं ठेवतो. हिरो बाबाच. अन् डायरेक्टर म्हणून माह्या नावासंग आईचं नाव टाकतो. याच्यावर 'नाई' म्हणायले कोणालेच परवानगी नाई."