पांढराच राहिलेला खंडोबा

धाकट्या लेकानं, कृष्णराजनं, चूल वेगळी मांडली, तेव्हा म्या माझ्या तोड्यांच्या जोडीतला एक तोडा मोडला. घर वेगळं झालं की देवही वेगळे लागतात. देव नसलेलं घर म्हणजे भाड्याची खोली. शांतलिंग सोनाराच्या पुढ्यात ठाण मांडून बसले. तोडा माझ्या डोळ्यांदेखत वितळला आणि त्याच चांदीच्या पत्र्यावर खंडोबा, म्हाळसा आणि आई भवानी असे तीन टाक उठवून घेतले. ते सुनेच्या, सोनालीच्या, ओटीत घातले.

दसऱ्याला चंद्रागत पांढरे असलेले देव मार्गशीर्ष लागायच्या आत तव्याच्या बुडागत काळे झाले.

मधल्या काळात सोनाली कळंबला माहेरी जाऊन आली होती. तिच्या भावाच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली होती. ती कुठून आली, असं म्या विचारलं न्हाय. पण मनाला कोण आवरणार? खरी चांदी काळी पडते व्हय? माझ्या देव्हाऱ्यातला खंडोबा सासूच्या सासूपासूनचा. मला राखेनं सुद्धा घासावा लागला न्हाय कधी.

"सोनाली, हे देव तेच हायेत का गं?"

"म्हंजे? तेच की, आत्याबाई."

"मग ह्यांनी तोंड कुठं काळं केलं?"

तिचा चेहरा पडला. पण जीभ न्हाय पडली. म्हणाली, "गंधकानं झालंय. द्राक्षाला भुरी येऊ नये म्हणून आणलेल्या गंधकाच्या पिशव्या ह्याच खोलीत हायेत. चांदी आन् गंधक जवळ आलं की दोघांचं मिळून तिसरंच कायतरी काळं तयार होतं. नुसतं वरवर. आत चांदीच हाय."

"सोयऱ्यांचंही असंच असतंय," म्या म्हटलं. "वरवर एक, आत एक."

मग तिनं काय करावं? जर्मनच्या, म्हंजे ॲल्युमिनच्या, पातेल्यात कढत पाणी ओतलं, खायचा सोडा टाकला आणि नवा खंडोबा बुडाला टेकवून ठेवला. देव! जर्मनच्या पातेल्यात! नासक्या अंड्यागत वास सुटला आणि बघता बघता खंडोबा पांढरा झाला.

"बघा. काळं हुतं ते पातेल्यानं ओढून घेतलं. चांदी होती तिथंच हाय."

मी नाकाला पदर लावला. मुलामा देणारे लोकही असंच फेस काढून दाखवतात. बाजारात बघितलंय.

"चंपाषष्ठीला तुझ्या घरी तळी उचलायची का न्हाय, ते मी ठरवीन," म्या सांगितलं. "देव खोटे निघाले तर उचलून नेईन. मग बसा बिनदेवाचे."

कृष्णराज मधे बोलायला आला. त्याला म्हटलं, "तू बागेत जा. ही बायकांची चांदी हाय."

सोनाली रडली न्हाय. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पदरात बांधून दोन वस्तू घेऊन गेले. एक, जोडीतला उरलेला तोडा. माझ्या बापानं दिलेला, त्यात खोट निघणं शक्य न्हाय. दुसरा, माझा जुना खंडोबा. तिच्या देवांशेजारी, गंधकाच्या पिशव्यांजवळ, दोन्ही मांडले.

"हे बसू दे हितं. खरी चांदी कशी ऱ्हाती ते शिकून घे. आन् खोलीला माझं कुलूप."

"लावा की," ती म्हणाली. "दिवा कोण लावणार?"

"मी लावीन."

रोज सांजच्याला जात होते. कुलूप काढायचं, दिवा लावायचा, डोळे बारीक करून बघायचं, कुलूप लावायचं. आधी तोड्यावर पिवळसर झाक आली. मला वाटलं, दिव्याचा उजेड. मग ती तपकिरी झाली. आणि चंपाषष्ठीच्या आदल्या सांजेला तोडा पुरता काळा. म्हाळसा काळी, भवानी काळी. सोनालीनं उजळलेला नवा खंडोबाही परत काळवंडलेला.

माझा जुना खंडोबा मात्र पांढराच.

दारात सोनाली उभी होती. तिनं तोडा बघितला, मग माझा खंडोबा बघितला. तिला कळलं. मला तिच्याही आधी कळलं होतं. तोडा खरा, तर त्याच्या जोडीदारापासून घडलेले देवही खरे. आणि ज्याला गंधक शिवलं न्हाय, तो चांदीचा न्हाय. कथील असेल, गिलिट असेल, देव जाणे. कुणी बदलला? सासूनं? तिच्या सासूनं? का माझ्याच नवऱ्यानं? एकेकाचं तोंड डोळ्यांपुढं आणलं. सगळी मेलेली माणसं, एकाच्याही घरी मोटारसायकल न्हाय.

सोनालीनं तोंड उघडलं. मी बोट वर केलं.

"वांगी भाजायला आणलीस का?"

"आणलीत."

"कांद्याची पात?"

"आणली."

"मग उभी का? उद्या तळी हितंच उचलायची. आन् देव काळेच राहू दे. ते पातेलं माझ्या म्होरं आणू नको."

कुलपाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती हळूच म्हणाली, "आन् तुमचा खंडोबा, आत्याबाई? न्यायचा?"

"राहू दे गंधकापाशीच," म्या म्हटलं. "म्हातारा हाय. त्याला वेळ लागंल."

तळी उचलून झाली, बागेतली द्राक्षंही उतरून गेली. मी अजून चहाच्या निमित्तानं जाते आणि आधी गंधकाच्या त्या कोपऱ्यात बघते.