दार नसलेलं कुंपण

"नेदे, अगं चादरी आत घे! डाव्या दोरीवरच्या वाळल्यात!"

आता काय म्हणावं या बाईला! आपलं परस, आपली दोरी, आपल्या चादरी, आणि त्या वाळल्या की नाही ते दोना मावशीनं तारेच्या जाळीपलीकडून सांगायचं! नेदानं त्या चादरी मुद्दाम दुपारपर्यंत तशाच ठेवल्या. उन्हानं त्या पार कडक झाल्या आणि घड्या घालताना नेदाचीच बोटं दुखली.

दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती. नेदाचा दरवाजा खालच्या गल्लीत, दोना मावशीचा वरच्या. रस्त्यानं जायचं तर चर्चला वळसा घालून भला मोठा चढ चढावा लागे, पण मधल्या जाळीत कमरेएवढं एक शेजारदार होतं. त्याला कोमशुलूक म्हणत आणि तसं ते गावात प्रत्येक परसाला होतं. मीठ, यीस्ट, तापमापक, बातम्या, सगळ्यांची ये-जा तिथूनच. त्याला कडी नसे. ते बंद करणं म्हणजे आमचं भांडण झालंय हो, असं गावभर ओरडून सांगण्यासारखं होतं.

म्हणून नेदानं आधी झाडांवर भरवसा ठेवला. जाळीच्या कडेनं थुजाची रोपं लावली. दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहील, असं रोपवाटिकेतल्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं होतं. रोपं गुडघ्यापर्यंत आली आणि नेदा बहिणीकडे गेलेली असताना दोना मावशीनं सगळ्यांचे शेंडे कापून टाकले.

"शेंडे खुडले की अंगानं भरतात गं," ती कात्री पुसत म्हणाली. "तुला वेळ नसतो, म्हणून म्हटलं आपणच करावं."

ती अंगानं भरली, उंचीनं नाही. पुढच्या वर्षी नेदानं दाट सूर्यफुलं पेरली. ती चांगली डोक्यावर गेली, पण दोना मावशीचं परस पूर्वेला! सगळ्या फुलांनी तिच्याकडे तोंडं केली आणि नेदाकडे पाठ. "किती गुणाची फुलं लावलीस माझ्यासाठी!" म्हणत मावशी रोज जाळीपाशी खुर्ची टाकून बसायला लागली. मग द्राक्षाचा वेल लावला. त्याची पानं इकडे आणि घोस तिकडे. ते घोस परत द्यायला मावशी टोपली घेऊन दिवसाआड दारातून आत.

"तोंडावर सांगून टाक ना एकदाचं," नेदाचा नवरा सावा म्हणायचा.

"काय सांगू? तू दवाखान्यात होतास तेव्हा महिनाभर कोंबड्यांना दाणे कुणी टाकले? मला जेवायला कुणी घातलं? आता तिला सांगू, की तुझं तोंड मला नको?"

सावा वर्तमानपत्रात डोकं खुपसायचा. त्याला काय, त्याच्या चादरी कुणी मोजत नव्हतं.

खरं तर चादरींचंही एवढं नव्हतं. नेदाला घोर होता तो रालीचा. राली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक रालित्सा. व्हिएन्नात नर्स होती, लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती आली होती. परसात सगळे जेवायला बसले होते आणि दोना मावशी जाळीपलीकडून म्हणाली, "काय गं राली, गोड बातमी कधी?" रालीनं चमचा खाली ठेवला, उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघून गेली. तेव्हापासून पोरीनं घराचं तोंड पाहिलं नव्हतं. फोनवर बोलायची, तेही तुटक. दर रविवारी नेदा काळजीनं चौकशी करायची, की डॉक्टरकडे गेलीस का, तपासण्यांचं काय झालं, ते नवीन औषध चालू केलंस का. आईनं नाही विचारायचं तर कुणी?

आणि आता ऑगस्टच्या शेवटी राली येते म्हणाली होती. "चार दिवस येईन गं आई. पण त्या परसात मला प्रश्न नकोत. परत तसं झालं तर यापुढे तुम्हीच इकडे येत जा."

नेदानं त्याच दिवशी मिंचो सुताराला गाठलं. फळ्यांचं कुंपण हवं, डोक्याच्याही वर, आणि राली यायच्या आत.

मिंचो फळ्या घेऊन आला तेव्हा शेजारदारातून पहिली आत कोण आली? दोना मावशी! डोक्याला रुमाल, हातात कुदळ.

"कुंपण घालतेस आणि मला सांगत नाहीस? अगं, कुंपण काय एकट्यानं घालायची गोष्ट आहे?"

ते खरंच होतं. त्या गावात कुंपण दोन्ही घरं मिळून घालत आणि मधेच टेबल मांडून जेवत. नेदा विसरली होती असं नाही, पण आपण जिच्यापासून लपणार तीच खड्डे खणायला येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाळ बडवून घ्यावं असं तिला झालं. मावशीनं दोरी धरली, खांब सरळ आहेत का ते एक डोळा मिटून पाहिलं, मिंचोला दोनदा खांब उपटायला लावले. जेवणाला स्वतःच चीज भरलेली बानित्सा भाजून घेऊन आली आणि नेदाच्याच टेबलाशी बसून नेदालाच आग्रह करायला लागली.

"खा गं, वाळलीयेस. कुंपणाचं एवढं टेन्शन घेतं का कुणी?"

फळ्यांत गाठी होत्या आणि काही गाठी निखळून भोकं पडली होती. नेदानं मिंचोला धारेवर धरलं. "या भोकांतून सगळं दिसणार! मला एक भोक नकोय, एकसुद्धा!"

"लाकडाला गाठी असणारच बाई, मी काय त्या लावल्यात?" मिंचो वैतागला.

"मी बुजवते ना माझ्या बाजूनं," दोना मावशी म्हणाली. "मक्याची दाणे काढलेली कणसं पडलीयेत ढीगभर. नीट तासून ठोकली की वारासुद्धा यायचा नाही."

संध्याकाळी अर्धं कुंपण उभं राहिलं आणि मिंचोनं पेन्सिल कानावर खोचत विचारलं, "दार कुठं ठेवायचं? होतं तिथंच ना?"

हाच प्रश्न टाळायला नेदा दिवसभर मिंचोच्या मागेपुढे फिरत होती. सावानं राकिया दारूचा पेला उचलला आणि बाटलीकडे बघत बसला.

"दार नको," दोना मावशी म्हणाली.

मिंचो हातोडी धरून उभाच. "भांडलात की काय?"

"भांडतोय कशाला! राली येतेय. चार दिवस पोरीला निवांत राहू दे." तिनं कुदळीची माती पायानं काढली. "मला कळतं रे, कुंपण कुणासाठी चाललंय ते. मला काय एवढी मठ्ठ समजलात?"

नेदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दार नको, असंच ती शेवटी म्हणाली.

राली शुक्रवारी आली. नेदानं तिला सरळ परसात नेलं. कुंपण सणसणीत उभं होतं, एक फट नाही, पलीकडून एक हाक नाही. नेदानं कॉफी ओतली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

"हे काय गं?" राली म्हणाली. "दार कुठाय?"

"तुझ्यासाठीच घातलंय. आता कुणी बघत नाही, कुणी ऐकत नाही." नेदानं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "आता मोकळेपणानं सांग बाळा, डॉक्टर काय म्हणाले?"

रालीनं कप खाली ठेवला. नेदानं तो आवाज ओळखला. दोन उन्हाळ्यांपूर्वी चमचा असाच ठेवला होता.

"आई, दोना मावशीनं मला एकदा विचारलं. एकदा! दुसऱ्या दिवशी फोन करून रडली, चुकलं म्हणाली. त्यानंतर आजपर्यंत एका शब्दानं नाही विचारलं. फोनवर मिरच्यांचं बोलते, मांजरीचं बोलते. आणि तू? दर रविवारी, आई. दर रविवारी फोन ठेवला की मी न्हाणीघरात जाऊन बसते."

"मी काळजीनं..."

"माहितीये काळजीनं ते! तरी दुखतं." राली उठली. "मी मावशीकडे जाऊन येते. रस्त्यानंच जावं लागेल आता, नाही का?"

सावानं वर्तमानपत्र बाजूला केलं, नेदाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

थोड्या वेळानं पलीकडे खुर्च्या सरकल्या. भाजलेल्या मिरच्यांचा वास आला. मग राली हसली. खळखळून, लहानपणी हसायची तशी. ते हसू ऐकून किती वर्षं झाली ते नेदाला आठवेना. तिला ते बघायचं होतं, बस, एवढंच बघायचं होतं! ती कुंपणाशी गेली आणि एका गाठीच्या भोकाला डोळा लावला. काळोख. दुसऱ्याला लावला. तिथंही काळोख. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती वाकून वाकून फिरली. एकूण एक भोक मावशीनं कणीस तासून गच्च ठोकलं होतं. बोटानं ढकलून बघितलं, पण एक हलेल तर शपथ.

"कोण उंदीर आहे का गं?" पलीकडून मावशीचा आवाज आला.

"मी आहे!" नेदा खेकसली. "कॉफी उरलीय का?"

पलीकडे किटलीचं झाकण वाजलं.

"उरलीय की. पण फिरून यावं लागेल बाई."

नेदा होती तशी, सपाता घालूनच निघाली. चढावर ती सुताराला, फळ्यांना आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होती. चर्चपाशी बाकावर वल्को आजोबा बसले होते. त्यांनी काठी वर केली.

"काय गं नेदा, राली आली म्हणे! मग? गोड बातमी काय?"

कितीदा तरी हा प्रश्न नेदाच्या तोंडून गेला होता, पण समोरून अंगावर आला तो आज पहिल्यांदा. ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, हे तिला माहीतच नव्हतं.

"ती आलीय ना आजोबा, तेवढं बास आहे," ती कशीबशी म्हणाली आणि वर चढत राहिली.

दोना मावशीच्या परसात तिसरा कप मांडून ठेवलेला होता. रालीनं पायानं एक खुर्ची पुढे सरकवली. तिचे डोळे हसून की रडून लाल झाले होते, कळत नव्हतं. नेदा बसली. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला होता आणि तिनं तोंड उघडलंही. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"साखर दे गं इकडे," नेदा म्हणाली.