हिरवं हेल्मेट दिसेपर्यंत

इशूचं पत्र हद्दूनं अकरा वर्षांपूर्वी एका जाड शब्दकोशात लपवलं होतं. तिथं ते सहजी हाताला लागणार नाही, असा त्याचा हिशेब. पण निवृत्त शिक्षकाचा हात शब्दकोशाकडेच जातो. आठवड्यातून दोनदा तरी पत्र समोर यायचं आणि तो पान उलटायचा.

पत्र चारच ओळींचं होतं. 'हद्दू, हात थरथरतो म्हणून थोडक्यात लिहितो. त्या दिवशी मी फाट्यावर सूर्य मावळेपर्यंत उभा होतो. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, मोपेड बिघडली. काय झालं होतं रे? एवढंच कळव.'

मोपेड बिघडली नव्हती. ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघंही चोवीस वर्षांचे, वाळवंटाच्या काठावरच्या रिस्सानी गावच्या शाळेत शिक्षक म्हणून नवे लागलेले. सुट्टीच्या दिवशी आपापल्या मोपेडवरून पुढच्या ताऊझ गावाला निघाले होते. इशू पुढं, हद्दू मागं. कोरड्या नदीपाशी वाट दुभंगते, तिथं पुढच्यानं मागच्यासाठी थांबायचं असं ठरलं होतं. त्याआधीच्या वाळूत हद्दू दोनदा पडला. दुसऱ्यांदा मोपेड उचलली ती रिस्सानीच्या दिशेला तोंड करूनच. दुपारी तो घरी पुस्तक वाचत पडला होता. त्याच हिवाळ्यात इशू फ्रान्सला गेला तो कायमचा.

हद्दूला ते पत्र आरोपपत्रासारखं वाटे. उत्तर त्यानं सात वेळा सुरू केलं आणि सातही वेळा फाडलं.

त्याच्या अंगणात भाच्याची मोटारसायकल पडून होती, रानावनात चालवायची उंच, हलकी गाडी. भाचा नोकरीसाठी दूर अगादीर शहरात गेला. धूळ खाते म्हणून हद्दू ती ढकलत अदीच्या गॅरेजात घेऊन गेला. अदीनं दहा मिनिटांत ती सुरू केली.

"हद्दू मास्तर, हिला काही झालेलं नाही. कुणी चालवत नाही म्हणून रुसलीय," अदी म्हणाला. "रविवारी आम्ही पाच-सहा जण ताऊझच्या वाटेनं जातोय. या."

"मला येत नाही."

"गावात रोज चालवत होतात की मोपेड. माझ्या वडिलांनी सांगितलंय."

हद्दूला सबब सुचेना. सबबी ऐन वेळी सुचत नाहीत, हा त्याचा जुनाच दोष.

रविवारी सकाळी गॅरेजसमोर अनोळखी माणसं जमली होती. शेजारच्या एरफूदचे दोघे भाऊ, आरोग्य केंद्रातली परिचारिका रबहा आणि बाहा बेकरीवाला. बाहाच्या पाठीवरच्या पिशवीतून गरम मदफूनाचा वास येत होता. आत कांदा आणि खिमा भरलेली ती जाड रोटी त्यानं पहाटे सगळ्यांसाठी भाजली होती.

"मास्तर, तुमच्याकडे मी तिसरीत होतो," बाहा म्हणाला. "तुम्ही मला नापास केलं होतंत."

"मग आज वाळूत सोडून जाल मला."

"छे. मी सगळ्यात शेवटी असतो. सोडून जायचं तर तुम्हीच मला सोडून जाल."

सगळे हसले. हद्दू हसला नाही.

अदीनं चाकांतली थोडी हवा काढली, म्हणजे वाळूत चाक रुतत नाही, आणि नियम सांगितला. "पुढं मी. शेवटी बाहा, हिरवं हेल्मेट. वाट फुटली की माझ्या मागचा जो असेल त्यानं तिथं उभं राहायचं आणि हातानं दिशा दाखवायची. हिरवं हेल्मेट दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. आईनं जेवायला हाक मारली तरी."

"आणि दिसलंच नाही तर?" हद्दूनं विचारलं.

"तर उभं राहायचं."

पहिल्या वळणावर रबहा उभी राहिली. मग हद्दू अदीच्या मागं आला. वाळूत एकदा आडवा झाला, उठला, पुन्हा बसला. पुढं कोरडी नदी आली आणि हद्दूनं ती जागा लांबूनच ओळखली. बाभळीचं तेच झाड, आता अर्धं वाळलेलं. अदीनं हात वर केला, बोट जमिनीकडं दाखवलं आणि डावीकडं निघून गेला.

हद्दू गाडी आडवी लावून उभा राहिला. धुळीचा लोट आला. चष्म्यावर इतकी धूळ बसली की त्यानं तो काढून सदऱ्याला पुसला. तेवढ्यात गाड्या धडधडत गेल्या. डोळ्यांसमोर नुसते रंगांचे डाग होते. तीन होते की चार? चष्मा चढवला तेव्हा लोट डावीकडं विरत होता.

तो थांबला. पाव तास झाला. फोनला रेंज नव्हती. बाहा गेला असेल तर सगळे पुढं सावलीत मदफूना खात बसले असतील आणि म्हातारा कुठं राहिला म्हणून हसत असतील. गेला नसेल तर? त्यानं चाकांच्या खुणा मोजून पाहिल्या, पण त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. शब्दकोशात अर्थ शोधणं सोपं. वाळूत लिहिलेलं वाचायला तो कधी शिकला नव्हता.

अर्धा तास झाला. त्यानं गाडी सुरू केली. मग नदीकडं पाहिलं आणि बंद केली.

तासाभरानं त्याला बाहा दिसू लागला, पण फक्त डोक्यात. गाडीखाली पाय अडकलेला. खडकावर आपटलेला. तहानलेला. त्याच्या बायकोला काय सांगायचं, इथपर्यंत विचार गेले. हद्दूला राग येत नव्हता. एकदाही आला नाही. तो नुसता झाडापासून गाडीपर्यंत फेऱ्या घालत राहिला.

मग उजवीकडच्या टेकाडावर हिरवा ठिपका उगवला. तो चुकीच्या बाजूनं येत होता, वाळूत डुलत, सावकाश. हद्दूनं जाकीट काढून दोन्ही हातांनी हलवलं. ठिपका वळला.

बाहा येऊन थांबला. चेहरा धुळीनं पांढरा, पाठीवर गाठ मारून बांधलेली पिशवी सुखरूप.

"काय झालं होतं?" हद्दूनं विचारलं.

शब्द तोंडातून निघाले आणि ते त्यालाच ओळखीचे वाटले.

"मदफूना पडला हो वाटेत," बाहा म्हणाला. "पट्टा तुटला. मागं फिरून शोधला, तोवर तुमचे लोट विरले. नदीत वाट चुकलो. टेकाडावर चढलो तर खाली तुमचं पिवळं जाकीट. वाटलं, मास्तर अजून उभे आहेत म्हणजे मी अजून हरवलेलो नाही." त्यानं तोंडावरची धूळ पुसली. "रागावलात?"

"नाही," हद्दू म्हणाला. मग त्यानं पुन्हा सांगितलं, "नाही रे. आलास ना."

तेवढ्यात अदी परत शोधत आला. दोघांना पाहून त्यानं हेल्मेट काढलं आणि मोठा सुस्कारा सोडला. मग म्हणाला, "एका भाकरीसाठी?"

"एका नाही. दोन होत्या," बाहा म्हणाला. "आणि मास्तर, तिसरीचे ते मार्क आता वाढवून द्या."

"देतो," हद्दू म्हणाला. "पण भूगोलात पुन्हा नापास."

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बाकीचेही परतून आले. मदफूना वाळूनं थोडा कचकचत होता. हद्दूनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. रबहानं चहाचा पेला पुढं केला. तो झाडाला टेकून बसला. इशू याच बुंध्याला टेकून बसला असेल. संध्याकाळपर्यंत तो मनात काय काय पाहत असेल, ते हद्दूला आज पहिल्यांदा कळत होतं. त्या चार ओळींत आरोप शोधत त्यानं अकरा वर्षं घालवली होती.

घरी आल्यावर अंगावरची धूळही न झटकता त्यानं आठव्यांदा लिहायला घेतलं, आणि या वेळी फाडलं नाही.

'इशू, मोपेड बिघडली नव्हती. मी दोनदा पडलो, घाबरलो आणि तुला न कळवता परत फिरलो. तू उभा असशील हे मला ठाऊक होतं. दुपारी मी घरी सुखरूप होतो. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आज त्याच बाभळीखाली मी एकासाठी थांबलो. तो आला. झाड अजून आहे, अर्धंच.'

सोमवारी बाजारात इशूची बहीण खजूर विकत बसली होती. पत्ता तोच आहे का, हद्दूनं भीतभीतच विचारलं.

"तोच. तिसरा मजला," ती म्हणाली. "लिफ्ट बंद असते म्हणून रोज शिव्या घालतो. आजवर तुमचं पत्र कसं नाही आलं म्हणून मलाही घालतो."

हद्दू पोस्टात गेला. तिकीट जिभेनं ओलं करून नीट चिकटवलं, पिवळ्या पेटीत पाकीट टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभा राहिला.