एक पट्टी खाली

चिकटवलेल्या कागदाचा कोपरा सुटला होता आणि त्याखालून छापील स्वरलेखनाची एक ओळ दिसत होती — खरी ओळ. वरच्या कागदावर तीच चाल, तेच शब्द, पण हाताने लिहिलेले, आणि सगळे स्वर एकेक पायरी खाली. उत्तराने नख घालून कोपरा आणखी उचलला. समासात पेन्सिलीने, ओळखीच्या तिरक्या जर्मन अक्षरात, लिहिलेलं होतं: १४ नोव्हेंबर १९९६. सर्व वादकांनी एक पट्टी खाली. उत्तराला सांगू नये.

ती पुन्हा वाचू लागली, जणू आपलं जर्मन कच्चं राहिलं असावं.

पार्सल सकाळीच आलं होतं. तिचा जुना कंडक्टर, वाद्यवृंद चालवणारा — तिच्या तोंडी नुसता ‘म्हातारा’ — मार्चमध्ये वारला, आणि त्याच्या बायकोने त्याची स्वरलेखनाची पुस्तकं शिष्यांना वाटून टाकली. ‘तुझी ती रात्र यात आहे, म्हणून हे तुला,’ असं चिठ्ठीत होतं. त्या बिचारीला स्वरलेखन वाचता येत नसे.

ती रात्र... खाली गंगापूर रोडवर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि उत्तराला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणाऱ्या ढुंढिराजशास्त्रींची ही मुलगी अठ्ठ्याऐंशी साली शिष्यवृत्ती घेऊन ऑपेरा शिकायला जर्मनीला गेली तेव्हा वडील रागावले नव्हते, फक्त विचारलं होतं, “त्या गाण्यात सा कुठे असतो?” तिला सांगता आलं नव्हतं. आठ वर्षं छोट्या भूमिका, दासी, दूत, आणि मग एकदा मुख्य गायिका आजारी पडली म्हणून शेवटच्या अंकातलं ते गाणं तिच्या वाट्याला आलं — ज्याच्या शेवटी स्वर वर जातो, आणि तिथे थांबून राहायचं असतं. तालमीत तो रोज फाटत होता. त्या रात्री फाटला नाही. लोक उभे राहिले, बसेनात. वर्तमानपत्रातलं कात्रण तिने घरी पाठवलं तर वडिलांनी, एक अक्षर कळत नसताना, ते पंचांगात जपून ठेवलं. पुढे तीन वर्षांत घशाला गाठी झाल्या, ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच. पण आतून कुणीतरी म्हणत राहायचं, एकदा तरी मी तिथे पोचले होते.

पोचले नव्हते. साठ वादकांना ठाऊक होतं. प्रयोगानंतर तो चेलोवाला मला मिठी मारून रडला होता... तो कशासाठी रडला? आणि आवाज गेल्यावर म्हाताऱ्याने मला हाताखाली घेतलं, मनगटाने संगीत कसं चालवायचं ते शिकवलं — ती माझी लायकी होती की त्याची भरपाई?

संध्याकाळी पाचला तालीम होती. ती गेली. साडीला पिन लावली, दाराला कुलूप घातलं, रिक्षात बसली, सगळं हातांनीच केलं. वडिलांच्या आजारपणात ती दोन हजार तीनमध्ये परत आली होती. ते गेले, ती राहिली, आणि कॉलेजच्या हॉलमध्ये तिने चाळीस मुलींचा गायनवृंद उभा केला. रविवारी त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम. शेवटी एकटीने म्हणायची ओळ छायाची — मखमलाबादच्या फूलवाल्या गोटीरामची मुलगी, जी पहाटे झेंडू तोडून, आंघोळ करून, कॉलेजला यायची. आठवडाभर तिचा वरचा स्वर डळमळत होता.

की-बोर्डवरचा आल्हाद उठून जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला की एक बटण दाबलं की पट्टी उतरते, छायाला कळणारही नाही. सांगितलं तर ती उगीच खचेल.

उत्तराने मान हलवली.

होकारार्थी. मान हलून गेल्यावर तिला कळलं की ती हलली. सकाळपासून ज्या माणसाला ती मनातल्या मनात जाब विचारत होती, त्याची मान... इतकी सहज? त्यालाही एवढाच वेळ लागला असेल? तिने हात उचलले. वृंद सुरू झाला, छायाची ओळ आली, आणि वरचा स्वर स्वच्छ, सरळ, न थरथरता उभा राहिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

छायाने नाही. ती पुढे आली.

“मॅडम, आज खाली लावलं होतं ना?”

“कशावरून?”

“कानाला नाय कळलं. गळ्याला कळलं. रोज तिथं चढावं लागतं. आज चढायला गेले तर चढणच नव्हती.”

आल्हाद की-बोर्डच्या वायरी नीट करू लागला.

चढणच नव्हती... आणि त्या रात्रीच्या टाळ्यांच्या अलीकडचा, दहा वर्षांत कधी न आठवलेला तो क्षण उत्तरासमोर आला: छाती भरून घेतलेला श्वास, चढायला टाकलेलं पाऊल, आणि पायाखाली आधीच आलेली सपाट जमीन. त्या शेवटच्या ओळीत तिने डोळे मिटले होते. भान हरपलं म्हणून, असं ती सगळ्यांना सांगत आली होती, मुलाखतीतही. पण डोळे मिटले नसते तर समोर म्हातारा होता. त्याच्याकडे पाहावं लागलं असतं.

मला कळलं होतं.

“हो,” ती छायाला म्हणाली. “एक पट्टी.”

छाया रागावली नाही. “मला सांगायचं ना मग,” ती म्हणाली. “रविवारी कुठं लावायचं, ते मी सांगते उद्या. रात्रभर बघते गळा काय म्हणतोय.” आणि पिशवी उचलून बस पकडायला निघाली.

मुली पांगल्या. उत्तरा हात खाली सोडून तिथेच उभी होती. सकाळी तिला वाटलं होतं की म्हाताऱ्याने तिची एक रात्र नेली. आता वाटत होतं की ती रात्र कुणीच नेली नाही, ती तिथेच होती, सगळ्यांच्या देखत, फक्त तिने डोळे मिटलेले होते. हे वाईट होतं की बरं, ते तिला ठरवता येईना. पण उद्या ही मुलगी येऊन सांगेल, आणि आपल्याला तिच्याकडे पाहत ऐकावं लागेल — एवढं एकच तिला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याची भीती वाटत होती.