एक सेकंद इकडेतिकडे नाही

जाहिरात चार ओळींची होती. मनगटी घड्याळ, चावीचं. एकच मालक. तबकडी मूळची. एक सेकंद इकडेतिकडे नाही.

"एकच मालक म्हणजे निदान तिघांनी वापरलंय," सासरे भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "आणि सेकंद इकडेतिकडे नाही म्हणजे बंद पडलंय. जा, बघून ये."

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. घड्याळं दुरुस्त करतात, आणि जुनी घड्याळं विकत घेऊन, नीट करून, ती जमवणाऱ्या शौकिनांना विकतात. लग्नानंतर त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी हे काम शिकले. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन बोलणी करायची ती त्यांनीच. आता त्यांचे गुडघे जिने चढू देत नाहीत.

"हे एक धड करून आणलंस तर पुढची खरेदी तुझी," ते म्हणाले. "नाही जमलं तर घेणं बंद करू. पट्टे आणि बॅटऱ्या बदलत बसू दोघं." बोलले हसत, पण नंतर बराच वेळ तेच ते भिंग पुसत राहिले.

मला पट्टे बदलत बसायचं नव्हतं. नऊ महिन्यांच्या लेकीला पोटाशी बांधलं आणि निघाले.

तिसऱ्या मजल्यावर एकटे आजोबा राहत होते. महिनाअखेरीस मुलीकडे कायमचे जाणार होते. भिंतीवर खिळे होते, चित्रं नव्हती. "मुलगी म्हणते, दोन बॅगांत बसेल तेवढंच आणा. मी स्वतःच एका बॅगेचा ऐवज आहे," असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे घड्याळ ठेवलं. कारखान्याचा भोंगा वाजवायची नोकरी केली होती त्यांनी, एकतीस वर्षं. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. सगळं गाव आपली घड्याळं त्या भोंग्यावर लावायचं, आणि भोंगा वाजायचा या घड्याळावर.

मागचं झाकण उघडून आत पाहिलं. सगळं मूळचं. तबकडी कडेने चहासारखी पिवळी पडलेली, पण कुणी रंगवलेली नाही. हे बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलाय, आणि असं अस्पर्श घड्याळ आमच्याकडे दहा वर्षांत आलं नव्हतं. मी चेहरा शक्य तितका मख्ख ठेवला. लेकीने मात्र आनंदाने किंकाळी फोडली.

"चार दिवस घरी नेऊन चालवून बघते," मी म्हटलं.

"घड्याळ घराबाहेर जाणार नाही. मागे एकाने तपासायला नेलं आणि पट्ट्याचं बक्कल बदलून आणलं. दुधाने तोंड पोळलंय, बाई. तपासायचं तर इथे."

मग इथेच. मी माझ्या फोनवरच्या वेळेशी ते लावलं आणि टेबलावर कडेवर उभं ठेवलं. आडवं निजवलेलं घड्याळ गुणी बाळासारखं वागतं. खोड असेल तर उभं केल्यावर कळते. "रात्री चावी द्या, पण वेळेला हात लावायचा नाही," मी बजावलं. "मी रोज सव्वाआठला येऊन बघेन."

"मी कशाला हात लावू?" आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फोन आणि घड्याळ शेजारी धरलं. सेकंदकाटा बरोबर जागेवर. तिसऱ्या दिवशीही बरोबर जागेवर.

"झालं तर," सासरे म्हणाले. "चावीचं, पन्नास वर्षांचं, उभं ठेवलेलं, आणि दोन दिवसांत सेकंदाचा फरक नाही? अगं, नवंकोरं असतं तरी मागेपुढे झालं असतं. तू यायच्या आधी लावून ठेवतोय तो. फसवतोय."

"तसे वाटत नाहीत, बाबा."

"फसवणारे तसे वाटत नाहीत म्हणूनच फसवता येतं." त्यांनी खणातून पातळ कागदाची पट्टी काढली. "ही चावीवर चिकटव. काटे फिरवायला चावी बाहेर ओढली की फाटेल. विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चिकटवायची, आणि तेव्हा त्याच्याकडे बघायचं, पट्टीकडे नाही."

पट्टी पर्समध्ये ठेवली खरी, पण रात्रभर ती मलाच टोचत होती. कुणाच्या घरात बसून, त्याचं पाणी पिऊन, त्याच्याच वस्तूला कुलूप घालायचं. आणि नाही घालावं, तर बाबांना काय सांगायचं? की मला ते लबाड वाटले नाहीत?

चौथ्या दिवशी लेक पहाटेच उठून बसली, म्हणून आम्ही आठला दहा कमी असतानाच पोचलो. आजोबांनी अर्ध्या गालाला साबण लावलेला तसंच दार उघडलं. "आज लवकर? ये, ये. राणीसाहेबांना दात आला की काय?" तिला पाहिल्यापासून मी त्यांच्यासाठी 'तू' झाले होते. आत रेडिओ चालू होता. ते आरशाकडे वळले, वस्तरा हातात, आणि दात येताना त्यांची मुलगी कशी खुर्चीचा पाय चावायची ते सांगू लागले.

रेडिओवर आठचे ठोके सुरू झाले. टूं. टूं.

बोलता बोलता आजोबा टेबलापाशी आले. वस्तरा डाव्या हातात घेतला, उजव्याने घड्याळ उचललं, नखाने चावी ओढली, काटे जरासे सारले. शेवटच्या ठोक्याला अंगठ्याने चावी दाबली. घड्याळ मी ठेवलं होतं तसंच कडेवर उभं केलं आणि आरशाकडे परत गेले. "...शेवटी खुर्चीला भोक पडलं," ते म्हणाले.

चोर असा समोर चोरी करत नाही.

"आजोबा, आत्ता काय केलंत?"

"काय केलं? दाढी."

"त्याच्याआधी."

त्यांनी आरशातूनच टेबलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. अंगठ्याचा साबण चावीला लागला होता. ते हळूच खुर्चीवर बसले.

"तिन्ही दिवस?" त्यांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

"आणि तू मला लबाड समजत होतीस."

"थोडंसं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग आलीस कशाला?"

मी पट्टी काढून दाखवली. ती कशासाठी असते ते त्यांना सांगावं लागलं नाही. गालावरचा साबण वाळत चालला होता. "चिकटव," ते म्हणाले. "माझ्यावर माझाच भरवसा नाही, तू का ठेवावास?"

मला रात्री लेकीच्या छातीवर हात ठेवून बघायची सवय आहे, श्वास चालू आहे ना म्हणून. तिची झोप मोडते, नवरा ओरडतो, मी रोज ठरवते की आज नाही. आणि हात गेलेला असतो.

"पट्टी नको," मी म्हटलं. "आपण दोघं बसू. एकच्या ठोक्यापर्यंत. पाच तासांत कळेल ते कळेल."

"आणि मी हात लावला तर?"

"मी ओरडेन."

"माझी बायको ओरडायची. उपयोग झाला नाही." तरीही ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे. नऊच्या ठोक्याला उजवा खांदा हलला. दहाच्या ठोक्याला हात सुटलाच. मी "आजोबा!" म्हणेपर्यंत टेबलापर्यंत पोचला होता.

"रिकामे राहिले की जातात," ते वैतागून म्हणाले. "तिला दे इकडे."

मी लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं. अकराच्या ठोक्याला ती त्यांचा चष्मा ओढत होती. बाराच्या ठोक्याला त्यांच्या दंडावर झोपली होती, आणि हात हलवायची सोयच उरली नव्हती. ते फक्त डोळ्यांनी घड्याळाकडे बघत राहिले.

एक वाजला. शेवटचा ठोका पडला तेव्हा सेकंदकाटा चौतिसावर होता.

आम्ही दोघांनी पाहिलं. तरी मी म्हटलं, "सव्वीस सेकंद मागे."

"दिवसाला दोन मिनिटं." हिशेब त्यांनी माझ्याआधी केला. मग म्हणाले, "कामावर असताना मी सहाच्या ठोक्याला लावायचो. म्हणजे दुपारी तीनपर्यंत पाऊण मिनिट. तीनला सुटणाऱ्या पाळीला मी रोज पाऊण मिनिट जास्त राबवलं, पोरी. सहाशे माणसं."

"तेव्हा ते मागे पडत नसेलही. आतलं तेल अलीकडे सुकलं असेल. शिवाय मनगटावर असताना फरक पडतो."

"नसेलही म्हणजे काय? पडत होतं की नव्हतं?"

"मला माहीत नाही."

"तुला धंदा अवघड जाणार," ते म्हणाले. पण माझ्याकडे पाहून हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. "छापलं मी. सेकंद इकडेतिकडे नाही. खरंच वाटत होतं मला. रोज बघावं तेव्हा बरोबरच असायचं."

मी भाव सांगितला: शौकीन देतील त्यातून आमचा नफा वजा, दुरुस्ती वजा. दुरुस्ती कशाची आणि किती, तेही मांडून दाखवलं. त्यांनी घासाघीस केली नाही, उलट दुरुस्ती थोडी जास्त धर म्हणाले. मी धरली नाही. घड्याळ रुमालात बांधताना त्यांनी विचारलं, "आता लावायचं नाही ना?" मी मान हलवली आणि ते तसंच, मागे पडलेलं, माझ्या हातात आलं.

घरी सासऱ्यांनी झाकण उघडून भिंगातून पाहिलं. तेल सुकलेलं, एक बारीक आस झिजलेला. "मागे पडतं हे कबूल केलं त्याने?"

"मी कबूल करून नाही घेतलं. दोघांनी बसून बघितलं."

"पाच तास?"

"हो."

"पाच तासांत मी तीन घड्याळं घेतली असती," ते पुटपुटले. मग बाजूला ठेवलेला पेपर उचलला, त्यातल्या एका जाहिरातीभोवती पेनाने गोल केला आणि माझ्याकडे सरकवला. "हा विकणारा चौथ्या मजल्यावर राहतो. बघ."

महिन्याभराने सकाळी फोन वाजला. लेकीला भरवत होते, कानाशी खांद्याने धरला.

"भोंगेवाला बोलतोय. मुलीकडून. झालं दुरुस्त?"

"झालं, आजोबा. आठ दिवस चालवतेय. दिवसाला चार सेकंद पुढे जातंय."

"पुढे?"

"जुन्या घड्याळाला एवढं चालतं. एक गृहस्थ शनिवारी न्यायला येणार आहेत."

"त्यांना सांगशील ना?"

"काय?"

"चार सेकंद पुढे आहे म्हणून. आधीच सांग."

"सांगेन," मी म्हटलं. लेकीने चमचा फोनवर आपटला, तेव्हा त्यांनी विचारलं, किती दात झाले.