सव्वाशे पावले

फाल्गुन सरत आला होता. पठारावरची सायंकाळ ताम्रवर्ण, निर्मेघ, निःशब्द. पिवळ्या कुसळी गवतावरून शेवटचे किरण ओणवे होऊन चालले होते. त्या वृक्षहीन माळाच्या कडेला वेधशाळेचा शुभ्र घुमट उभा होता. एकटा म्हणजे किती एकटा! त्याची सावलीसुद्धा पायाशी थांबत नव्हती, पूर्वेकडे लांब लांब निघून जात होती.

त्या घुमटाखाली मृणालिनी देवस्थळी एकतीस वर्षे एका दगडाचा पाठलाग करत होती.

दगडच हो! सूर्याभोवती फिरणारा, टेकडीएवढा, नावसुद्धा नसलेला लघुग्रह. सूर्य त्याला ओढतो, गुरू ओढतो, पृथ्वी ओढते. साऱ्यांची ओढ तिने मोजली. तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकताना त्याला जो पुसटसा धक्का बसतो, तोही धरला. तरी तो गणिताच्या वाटेवर सापडेना. दर वर्षी सव्वाशे पावले पुढे! एवढ्या अफाट प्रवासात सव्वाशे पावले म्हणजे काय? दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. ही कसली सोडतेय!

निसर्गाची चार बले माणसाला ठाऊक आहेत. हे पाचवे असेल तर? दूर राहून, अदृश्य राहून, न बोलता ओढणारे?

तिला ते हवे होते. अगदी जिवापासून हवे होते. तरुणपणी लग्नाचे विचारणाऱ्या यशोधरला ती म्हणाली होती, "दोन वर्षं थांब, हा दगड नीट सापडू दे." तो भला माणूस सात वर्षे थांबला. मग दूरदेशी गेला, संसारी झाला, आणि पत्रे आटत आटत थांबली. पाचवे बल सापडले, तर त्या सात वर्षांना काही अर्थ येणार होता. नाहीतर नुसतेच एकटेपण, दुसरे काय?

शोधनिबंध तयार होता. सकाळी धाडायचा, आणि महिनाअखेर निवृत्ती.

डोके जड झाले तशी ती बाहेर आली, अनवाणीच. वाटेवरची धूळ तळपायांना गार लागली. पुढे काळ्याभोर कातळावर भागाबाई पाय पसरून बसली होती. वेधशाळेची झाडलोट करणारी भागाबाई, मृणालिनीच्याही आधीपासून इथली.

"या म्याडम, बसा घटकाभर. धूळ कवाच निवली, पर कातळ अजून ऊन हाय बगा."

मृणालिनी बसली. हात टेकला. सूर्य बुडाला होता, क्षितिजाचे केशर विझत होते, आणि कातळाला त्याचा पत्ताच नव्हता. साऱ्या दिवसाची ऊब तो सावकाश, स्वस्थपणे परत देत होता.

आणि तिला आपले गणित आठवले.

तिने त्या दगडावर धूळ धरली होती! इतर लघुग्रहांवर असते, म्हणून याच्यावरही. पहिल्याच वर्षी लिहिलेले ते गृहीतक तिने पुन्हा कधी उघडून पाहिले नव्हते. दुर्बिणीत तो ठिपका, केवळ ठिपका. त्याचे अंग कोणी पाहिले होते? तो उघडा कातळ असेल, वळून अंधारात गेल्यावरही ऊब धरून ठेवणारा असेल, तर त्याला बसणारा धक्का वेगळा.

"काय झालं वो?"

"आलेच," म्हणत ती आत धावली.

धुळीच्या जागी कातळ. एकच आकडा बदलला. संगणक क्षणभर घुरघुरला, आणि सव्वाशे पावले पुसली गेली.

पाचवे बल नव्हते. कोणी ओढत नव्हते. दगड आपल्याच उरलेल्या उबेने वाट बदलत होता.

ती गप्प राहिली असती, तर कोणाला कळणार होते? तो दगड पुन्हा जवळून जायला बारा वर्षे होती. तोवर कीर्ती, सत्कार, कदाचित यशोधरचे एखादे पत्रही. मृणालिनी रडली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने लिहिले: "नव्या बलाची गरज नाही. पृष्ठभाग उघडा कातळ असावा." खाली आभार मानायला 'भागाबाई' एवढे लिहिले, आणि तिची बोटे थबकली.

ती पुन्हा बाहेर आली.

"भागाबाई, तुमचं आडनाव काय हो?"

भागाबाई आधी हसली. मग हसू हळूच मावळले.

"एकतीस वर्सांनी इचारताय व्हय? घोलप."

आकाशातल्या एका दगडाची पावले मोजता मोजता मृणालिनीला अंगणातल्या माणसाचे नावही पुरते ठाऊक नव्हते. तिला लाज वाटली, फार लाज वाटली.

भागाबाई जरा सरकली. तिने जागा केली. जिथून ती सरकली होती, तिथला कातळ आणखी ऊबदार होता.

वर पहिली चांदणी लागली. खाली धूळ गार, गवत गार, वारा गार. आणि दोघी शेजारी बसून राहिल्या, कातळ निवेपर्यंत.