राखेने घासलेले ग्लास

कोळवणच्या त्या फार्महाऊसमधली सगळी भांडी अकरा वर्षे तुकाबाईच्या हाताखालून गेली होती. उंच दांडीच्या काचेच्या प्याल्यांना ती ‘दांडीचे पेले’ म्हणे आणि मालकीण हेमलताबाईही हसून तोच शब्द वापरीत. दिवाळीनंतर तुकाबाईची धाकटी जाऊ पल्लवी कामाला आली. बारावी शिकलेली. पहिल्याच आठवड्यात तिने सहज विचारले, “मॅडम, वाइनग्लास पुसून ठेवू का?” त्या दिवसापासून घरात तोच शब्द रूढ झाला, आणि काचेच्या कपाटाची किल्ली तुकाबाईकडून पल्लवीच्या कमरेला गेली.

“तुकाबाई, तुम्ही पितळ बघा. ग्लास ती बघेल,” हेमलताबाई म्हणाल्या. दुखावण्याचा हेतू त्यात नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

शनिवारी पाहुणे यायचे होते. ग्लास ओट्यावर काढून पल्लवी बागेत फुले आणायला गेली. तुकाबाईने चुलीतली राख चाळून घेतली. याच राखेने तिने घासलेल्या समया लखलखत. तोच हात काचेला लागला, तर कोणाचे काम उजळ ते मॅडमना आपोआप कळेल, असे तिला वाटले. काथ्याने तिने बाराही ग्लास मन लावून घासले. वाळल्यावर काचेवर बारीक चरे दिसू लागले, धुके धरल्यासारखे.

“पल्लवी, हे काय करून ठेवलंस?” हेमलताबाईंचा आवाज चढला.

पल्लवीने एक ग्लास उजेडात धरला. मग तिने जावेच्या राखाडलेल्या बोटांकडे पाहिले.

“चुकलं मॅडम. मी काथ्यानं घासले.”

तुकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. किल्ली हिची, शब्द हिचा, आता मोठेपणाही हिचाच.

“तिनं न्हाई, मी घासल्यात. राखेनं,” ती ताडकन म्हणाली.

“आक्का, ऱ्हाऊ द्या की,” पल्लवी पुटपुटली.

“तू गप गं! किल्ली घेतलीस, आता माझी चूकबी घेतीस व्हय?”

हेमलताबाईंनी पल्लवीच्या हातातला ग्लास घेऊन ओट्यावर ठेवला. “तुकाबाई, यापुढे काचेला हात लावू नका,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“न्हाई लावत,” तुकाबाई म्हणाली. “पर ह्ये बारा मीच बिघडवल्यात. तेवढं ध्यानात असू द्या.”